महाबळेश्वरचा पाऊस जातो तरी कुठे?

महाबळेश्वरला गेलं की आपण काय काय करतो? वेण्णा तलावात होडी, बाजारातले गरम चणे, क्रीम घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या, आणि मग टॅक्सीवाले काका नेतील त्या पॉइंटवर उभं राहून फोटो. मजा येतेच! पण दोस्तांनो, पुढच्या वेळी जाल तेव्हा एक प्रश्न डोक्यात घेऊन जा. इथे एवढा धो धो पाऊस पडतो, तो जातो तरी कुठे?

शोध जुन्या महाबळेश्वरातल्या पंचगंगा मंदिरापासून सुरू करूया. दगडी गोमुखातून पाण्याची धार पडत असते. तिच्याखाली हात धरून बघा, भर मे महिन्यातही पाणी गारेगार! कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. यातली कृष्णा फार चमत्कारिक वागते. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम 64 किलोमीटरवर आहे. पण कृष्णाबाई त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि वाई, कराड, सांगली करत कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला मिळतात. तब्बल 1,400 किलोमीटरचा प्रवास!

वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीला गाठते. कोयनेची तऱ्हा आणखी वेगळी. ती आधी डोंगरांच्या मधून सरळ दक्षिणेला धावते, मग एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला अशी समोरासमोर भेटते की त्या जागेचं नावच प्रीतिसंगम पडलं. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरते, पोलादपूर आणि महाडवरून जाते आणि शंभरेक किलोमीटरमध्येच बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात पोचते. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब भारताच्या दोन टोकांच्या समुद्रांत जाऊ शकतात!

असं का होतं? त्यासाठी साधारण साडेसहा कोटी वर्षं मागे जायला हवं. तेव्हा इथली जमीन फाटली आणि भेगांमधून लाव्हा वाहू लागला. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, त्यावर दुसरा यायचा. असे थर साचत साचत इथे एक किलोमीटरहून जास्त जाडीचा खडक तयार झाला. आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरताना खिडकीशी बसा. समोरच्या डोंगरांवर आडव्या पायऱ्या दिसतील, तेच हे थर. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी इथलीच नावं दिली आहेत. घाट उतरताना तुम्ही वरच्या नव्या खडकाकडून खालच्या जुन्या खडकाकडे चाललेले असता.

पुढे पठाराची पश्चिमेची कड उंच राहिली आणि पूर्वेकडे ते हळूहळू उतरत गेलं. एखाद्या कौलारू घराचं एक पाखं लांबलचक आणि दुसरं अगदी उभं असावं, तशी सह्याद्रीची ठेवण झाली. कृष्णा लांब पाख्यावरून निघाली, सावित्री उभ्या पाख्यावरून.

पाऊस पडला की लगेच सगळा वाहून जातो असंही नाही. माथ्यावर तांबडा जांभा दगड आहे. त्याचा एक तुकडा हातात घेऊन नीट बघा. खडबडीत, जड आणि भोकाभोकांचा! लाव्हाच्या काळ्या खडकातली काही द्रव्यं पावसाने वर्षानुवर्षं धुवून नेली, लोह मागे राहिलं आणि ते गंजून लाल झालं. या भोकांमधून आणि फटींमधून पाणी आत मुरतं आणि नंतर झऱ्यांतून सावकाश बाहेर येतं. उन्हाळ्यातही झरे टिकतात ते या साठ्यामुळेच.

आता एवढं पाणी येतं कुठून, तेही बघूया. चला आर्थर सीटला. समोर सावित्रीचं खोरं, पायांखाली काळाकभिन्न कडा. कठड्याच्या आतच राहा हं! तिथे एक वाळकं पान खाली सोडा. (प्लास्टिकचं झाकण किंवा रॅपर अजिबात नाही, तो कचरा कड्याखाली तसाच पडून राहतो.) वारा असेल तर पान खाली जायच्या ऐवजी भिरभिरत वर येतं! समुद्राकडून आलेल्या वाऱ्याला कडा आडवा येतो, म्हणून तो कड्याला घासत वर चढतो आणि जाता जाता पानालाही उचलतो.

पावसाळ्यात हाच वारा बाष्पाने भरलेला असतो. हवा वर चढली की थंड होते, दर किलोमीटरला साधारण सहा अंशांनी. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग होतात आणि मग कोसळायला लागतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. साचून राहिला असता तर दीड मजला बुडाला असता! पण पुढे वीसेक किलोमीटरवर पाचगणीला तो पार कमी होतो आणि पसरणी घाट उतरून वाईला पोचेपर्यंत हजार मिलिमीटरच्याही आत येतो. डोंगर ओलांडलेली हवा खाली उतरताना पुन्हा तापते आणि तिच्यातले ढग विरतात. जुलैमध्ये वाईहून महाबळेश्वरला निघालात, तर तासाभराच्या प्रवासातच हा फरक तुम्हाला अंगावर घेता येईल.

आणि एक गंमत राहिलीच. सावित्रीचा उतार उभा, म्हणून तिच्या पाण्याला जोर जास्त. ते कड्याला मागे मागे कोरत जातं. केट्स पॉइंटवरून दिसणारी कृष्णा मात्र खाली धोम धरणाच्या पाण्याकडे निवांत निघालेली असते, तिची झीज संथ. त्यामुळे दोन्हीकडचं पाणी वेगळं करणारी माथ्यावरची रेघ फार हळू पूर्वेकडे सरकते आहे. आज जिथे पडलेला थेंब कृष्णेत जातो, त्यातल्या काही जागा लाखो वर्षांनी सावित्रीच्या होतील आणि तिथला पाऊस अरबी समुद्राला मिळेल.