वेळ साधून येणारी डोकेदुखी

डोके दुखते म्हणून रजा मागणाऱ्याकडे कार्यालयात वा शाळेत काहीशा संशयानेच पाहिले जाते. वैद्यकशास्त्र जिला ‘क्लस्टर हेडेक’ म्हणते, त्या डोकेदुखीच्या रुग्णावर मात्र हा संशय अन्यायाचा ठरतो. एका डोळ्यामागे वा कानशिलात असह्य कळ उठते. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाझरू लागतो, पापणी उतरते, नाक चोंदते. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. हा येरझारा घालतो, प्रसंगी भिंतीवर डोके आपटतो. उपचार न केल्यास कळ 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत टिकते व दिवसातून 8 वेळांपर्यंत येऊ शकते. काही आठवडे वा महिने असा हंगाम चालतो आणि मग बहुतेकांना पुढे कित्येक महिने काहीच त्रास होत नाही.

कळ उठण्यास निमित्त होणाऱ्या गोष्टींत मद्याचा क्रमांक पहिला. येथे एक विलक्षण प्रकार आढळतो. हंगाम चालू असता घोटभर मद्यानेही तासाभरात कळ उठू शकते; हंगाम सरला की त्याच रुग्णाला तेवढ्याने सहसा काही होत नाही. (यावरून मद्यपानास मुभा मिळाली, असे कोणी समजू नये.) हृदयशूळावर जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीचेही तसेच. ती घेणाऱ्याने डॉक्टरांना आपल्या डोकेदुखीची कल्पना द्यावी. गोळी परस्पर बंद करू नये. थिनर, पेट्रोल, अत्तर यांचे उग्र वास, अतिउष्मा, उंच प्रदेशातील विरळ हवा, दुपारची झोप यांनीही काहींना कळ येते. रात्री झोप लागल्यावर तास-दोन तासांनी कळीने जाग येणे, हे तर या व्याधीचे लक्षणच होय. रुग्णांत धूम्रपान करणारे बरेच असतात. पण विडी सोडली म्हणून व्याधी जाईलच, असे नाही.

कारण याहून खोल आहे. 1998 साली लंडन येथील संशोधकांनी नायट्रोग्लिसरीन देऊन रुग्णांत कळ उठविली व त्या वेळी मेंदूचे चित्रण केले. तेव्हा हायपोथॅलॅमस या भागाजवळ हालचाल वाढलेली दिसली. झोप व जागृती यांचे घड्याळ सांभाळणारा हाच भाग. कळ रोज ठरल्या वेळी का येते, याचा काहीसा उलगडा त्यावरून होतो. रुग्णाने पथ्य पाळले नाही म्हणून दुखणे ओढवले, हा घरच्यांचा नेहमीचा ठपका त्यामुळे फोल ठरतो.

निदानास अनेकदा वर्षे लागतात. सायनस म्हणून औषधे होतात, चांगली दाढही उपटली जाते. वास्तविक यावर प्रभावी इलाज आहेत. तोंडावर मास्क लावून मिनिटाला 12 ते 15 लिटर या वेगाने शुद्ध प्राणवायू दिल्यास पुष्कळांची कळ पाव तासात ओसरते. साध्या वेदनाशामक गोळीचा परिणाम होईपर्यंत बहुधा कळच संपलेली असते. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन व हंगामभर घ्यावयाचे व्हेरापामिल ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची. त्यांच्याकडे जाताना कळीची वेळ, बाजू, अवधी आणि आधी काय खाल्ले-प्यायले यांची पंधरा दिवसांची नोंदवही सोबत न्यावी. मात्र डोकेदुखी प्रथमच आणि एकाएकी तीव्र झाली असेल, किंवा सोबत ताप, मान ताठणे वा हातापायांतील शक्ती जाणे असे काही असेल, तर नोंदी करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.