चिऊच्या पिलाचा घास

मुलाला भरवताना एक घास चिऊचा आणि एक घास काऊचा काढायचा, पितृपक्षात कावळ्याची वाट पाहायची, वैशाखात गच्चीवर पाणी ठेवायचे... पाखरांना खाऊ घालणे मराठी घराला कुणी शिकवावे लागत नाही. प्रश्न एवढाच, की आपण घातलेला घास नेमका कुणाच्या पोटात जातो?

विठ्ठलवाडीत मी तळमजल्यावर राहतो. एकीकडे रेल्वेचे रूळ, दुसरीकडे काळवंडलेली वालधुनी आणि चहूबाजूंनी इमारती. घरामागे चार पावलांची मोकळी जागा आहे. तिला बाग म्हणणे धाडसाचेच. तरी तिथे जास्वंद, कढीपत्ता, तुळस आहे आणि कुंपणापलीकडे एक उंबर. एवढ्या भांडवलावर सकाळच्या चहाच्या वेळी बुलबुल, दयाळ, शिंपी, साळुंकी हजेरी लावतात. सूर्यपक्षी जास्वंदीत चोच खुपसतो. उंबरावरचा तांबट सहसा दिसत नाही, पण त्याची ठोकठोक दुपारभर ऐकू येते.

यांपैकी कुणालाही मी दाणे घालत नाही. मूठभर तांदूळ टाकले, की ही मंडळी दूर राहतात आणि सज्ज्यावरची कबुतरे धाडकन उतरतात.

याचे कारण पिलांच्या खाण्यात आहे. चिमणी स्वतः दाणे खाते. पण तिच्या कोवळ्या पिलांना अळ्या आणि किडेच लागतात. कबुतरांचे तसे नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो, तोच ते पिलांना भरवतात. आईबापांना दाणा मिळाला, की पिलांची सोय झाली! शिवाय हा मूळचा कडेकपारींत राहणारा पक्षी. आपले सज्जे त्याला आयतेच कडे. चिमणीला मात्र वळचण हवी, कौलाखालची फट हवी. ती गुळगुळीत भिंतीत कुठून मिळणार?

शेजारच्या आजी रोज ज्वारी टाकत. मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अरे, दारी आलेल्या भुकेल्याला नाही कसं म्हणायचं?’’ त्यांच्या या प्रश्नाची थट्टा करता येत नाही. पण कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली, तर काहींना फुप्फुसांचा गंभीर आजार जडतो, हेही खरेच. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा श्रद्धा आणि आरोग्य अशी दोन्ही बाजूंची माणसे रस्त्यावर आली होती.

मग पुण्य करायचेच नाही का? अवश्य करावे, फक्त त्याची रीत बदलावी. मातीच्या पसरट परळात दोन बोटे पाणी ठेवावे. ते रोज बदलावे आणि परळ घासून घ्यावा, म्हणजे डास होत नाहीत. परळ मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी असावा. कुंडीतल्या झाडांवर औषध फवारू नये. पानावरची अळी हाच चिऊच्या पिलाचा घास आहे. शिळी पोळी, फरसाण घालू नये. जागा असेल तर शोभेच्या परदेशी झाडाऐवजी उंबर, पांगारा लावावा.

आणि मुलांच्या हाती एक वही द्यावी. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. त्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पिवळ्या गळ्याची एक चिमणी कोणत्या जातीची, एवढे विचारायला सालिम अली लहानपणी मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त गेले होते. त्या एका प्रश्नातून त्यांचे पुढचे सारे आयुष्य घडले.

आजी आता ज्वारीऐवजी पाणी ठेवतात. परवा त्यांनीच मला हाक मारली, ‘‘अरे, ये लवकर! चिमणीच्या चोचीत अळी आहे!’’