सिरॅमिकच्या कुंडीला भोक पाडायचंय? आधी ड्रिलचा हॅमर मोड बंद करा

ऑनलाइन मागवलेली सिरॅमिकची कुंडी दिसायला झकास असते, पण उलटी केली की कळतं, तळाला भोकच नाही. शोभेच्या बऱ्याच कुंड्या अशाच येतात. रोप थेट त्यात लावलं, तर जास्तीचं पाणी तळाशी साठतं, मातीतली हवा निघून जाते आणि मुळं कुजतात. वरची माती मात्र कोरडी दिसते, म्हणून आपण आणखी पाणी घालतो!

'तळाशी खडे टाका' हा सल्ला मला पटत नाही. मातीच्या बारीक कणांमधल्या फटी पाणी धरून ठेवतात. खड्यांवरची माती पुरती भिजेपर्यंत पाणी खाली उतरतच नाही. म्हणजे चिखल राहतोच, उलट तो वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. आणि भोकच नसेल, तर खड्यांत उतरलेलं पाणी जाणार कुठे?

तर भोक हवंच. ड्रिल मशीन नेहमीचं चालेल, पण भिंतीचं बिट नको. ते ठोके देत, चुरा करत आत जाण्यासाठी बनवलेलं असतं. विटेला ते ठीक. सिरॅमिक मात्र कडक असलं तरी ठिसूळ असतं, ठोका बसला की तडा गेलाच. इथे लागतो डायमंड होल सॉ. पोकळ नळीसारखं बिट, टोकाच्या कडेवर हिऱ्याचे बारीक कण. काच आणि टाइल्ससाठी म्हणून ते विकतात. मध्यम कुंडीला 10 ते 12 मिमीचं घ्या. हे बिट घासून घासून भोक पाडतं, त्यामुळे हॅमर मोड बंद, स्पीड कमी आणि हाताचा जोर जवळजवळ नाहीच. वेळ लागतो, लागू दे. (झिलई नसलेल्या लाल मातीच्या कुंडीला भिंतीचं बिटही चालतं, पण हॅमर तिथेही बंदच.)

घासलं की उष्णता आली. ती वाढली तर बिट लवकर झिजतं आणि कुंडीही तडकू शकते, म्हणून भोकाच्या जागी सतत पाणी हवं. बऱ्याच कुंड्यांच्या तळाला कडेने उंचवटा असतो. कुंडी उलटी ठेवली की त्यात थोडं पाणी आपोआप साठून राहतं. पाण्यामुळे धूळही उडत नाही. या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना वाईट, म्हणून मास्क आणि गॉगल घालाच.

पण पाणी आणि वीज एकत्र आली की शॉकचा धोका. त्यामुळे बॅटरीवर चालणारं ड्रिलच वापरा. घरात वायरवालं असेल, तर हे काम टाइल्स बसवणाऱ्या मिस्त्रीकडे द्या. यात मी तरी तडजोड करणार नाही.

कुंडी जाड टॉवेलवर उलटी ठेवा. या बिटाला मधलं टोक नसतं, सरळ टेकवलं तर ते घसरतं. आधी तिरकं धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. आवाज बदलला, की भोक आरपार जायच्या बेतात आहे समजा आणि हात आणखी हलका करा.

कुंडी फार पातळ किंवा कुणाची आठवण असेल, तर ड्रिलला हातच लावू नका. रोप भोकांच्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती आत ठेवा. पाणी घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरच्या कुंडीत साठलेलं पाणी ओतून टाका.