साखरेच्या दागिन्यांचा मान

पौष लागला की करकंबच्या बाजारात बोरांचे ढीग दिसू लागतात. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. भोवतालच्या शिवारात आता बोरीच्या बागा आहेत. आमच्या लहानपणी बांधावरच्या गावठी बोरींवर भागायचे. बोर बोटाच्या पेराएवढे, आंबटगोड आणि निम्मे अळीचे! पण संक्रांत आणि बोर यांचे नाते तेच. घरात लहान मूल असेल तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा एखादा दिवस धरायचा, बाळाला पाटावर बसवायचे आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि हलवा मापट्याने ओतायचा. भोवतीची पोरे ते वेचायला तुटून पडतात आणि मधे बसलेले बाळ एकतर हसत सुटते नाहीतर भोकाड पसरते. हे आपले बोरन्हाण.

या दिवशी बाळाच्या अंगावर दागिने असतात ते साखरेचे. बाळाला मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कमरेला साखळी, हातात बासरी. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवून मंगळसूत्र, बांगड्या, नथ, बिंदी, कंबरपट्टा असा सगळा साज. मुलाच्या बोरन्हाणाला त्याच्या आईलाही तोच थाट. एरवी शुभकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग या एका सणाला मानाचा. त्या काळ्यावर पांढरा हलवा असा उठून दिसतो की सोन्यानेही मान खाली घालावी. थंडीत काळे कापड ऊब धरते हे आपण सगळे सांगतो. पण मला वाटते, ज्या बाईने पहिल्यांदा काळ्या साडीवर पांढरा हलवा लावून पाहिला, तिला शोभा कशाला म्हणतात ते पुरते कळले होते.

आमच्या वाड्यात हा साज करायची ती आमची आत्या. सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. फिक्या रंगाचे लुगडे, कपाळ मोकळे. पौष सुरू होण्याआधीच गल्लीतल्या बायका तिच्याकडे निरोप पाठवत. कुणाच्या सुनेची पहिली संक्रांत, कुणाच्या नातवाचे बोरन्हाण. ती कुणाकडून पैसे घेत नसे. साखर आणि दोरा ज्याचा त्याने आणून द्यायचा.

हलवा करणे हे कष्टाचे काम आहे, हे आज दुकानातून पुडा आणणाऱ्यांना सांगूनही पटणार नाही. साखर बुडेल एवढे पाणी घालून उकळायचे, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची आणि पातळसर पाक गाळून ठेवायचा. मंद निखाऱ्याच्या शेगडीवर परात ठेवायची. परातीत खसखस, तीळ, साबुदाणा, भोपळ्याच्या बिया, लवंगा यांपैकी जे हवे ते. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी ते दाणे सतत फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असे सकाळभर आणि मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. हळूहळू दाणा पांढरा होतो, फुगतो आणि त्याला बारीक बारीक काटे फुटू लागतात. हवा कोरडी आणि थंड हवी. आभाळ आले की काटा येत नाही. म्हणून आत्या पहाटे चारला शेगडी पेटवायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके त्या महिन्यात लाल, गुळगुळीत झालेली असत. मी घाईने एकदम दोन चमचे पाक ओतला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “हलव्याला घाई चालत नाही गं. घाई केलीस की लगदा होतो.”

दागिने करणे त्या मानाने सोपे. हलव्याला सुई टोचता येत नाही, दाणा फुटतो. म्हणून पांढऱ्या दोऱ्याची दोन पदरी गाठ दाण्याभोवती मारायची, की दाणा त्यात अडकतो. लगेच दुसरा, तिसरा. काटे असल्यामुळे दोरा घसरत नाही. काट्याचा खरा उपयोग हा! अशा माळा तयार झाल्या की निम्मे काम झाले. बांगडीला तारेचे कडे, मुकुटाला आणि कंबरपट्ट्याला पुठ्ठा, त्यावर सोनेरी बेगड आणि वर माळेचे वेढे. मोठे दाणे मधे, खसखशीचे बारीक कडेने. नथीत मात्र एक लाल मणी हवाच. आत्याच्या हातच्या नथीचा डौल पुण्याच्या दुकानातल्या नथीलाही मी अजून पाहिलेला नाही.

बाळाचा पोशाखही घरचाच असे. जुनी चंद्रकळा विरली की तिच्या मऊ पदरातून झबले आणि कुंची बेतायची. शंभरदा धुतलेल्या सुतासारखे बाळाच्या अंगाला दुसरे कापड नाही. कुंचीच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचे टाके आणि पाठीवर गोंडा. आजीचे लुगडे, आईचे शिवण आणि आत्याचा हलवा असे तीन बायकांचे हात त्या बाळाच्या अंगावर असत. हेही सांगायला हवे, की एवढा थाट साऱ्या गावात नव्हता. साखर ही चैन होती. पुष्कळ घरांत बोरे, ऊस आणि चुरमुरे एवढ्यावरच न्हाण होई आणि पोरे तितकीच खूश असत.

१९८६ साली माझ्या मुलाचे बोरन्हाण करकंबच्या वाड्यात झाले. आत्याने महिनाभर खपून साज केला होता. माझ्यासाठी सात पदरी हार आणि मुलासाठी मोरपीस खोचलेला मुकुट. ओसरीवर सुवासिनी जमल्या. दागिने घालण्याचा मान गल्लीतल्या एका वयस्क काकूंना दिला होता. आत्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून तबकातून एकेक दागिना पुढे करत होती. मुकुट बांधताना काकूंना गाठ जमेना. मुकुट घसरून बाळाच्या डोळ्यांवर आला आणि तो रडायला लागला. आतून आत्याचा हलका आवाज आला, “मागची गाठ सरकती आहे, खाली ओढा.” काकूंनी ओढली, मुकुट बसला, बाळ राहिले. सगळ्या हसल्या आणि न्हाण सुरू झाले.

त्या वेळी “आत्या, तूच ये आणि बांध,” असे मी म्हणू शकले असते. मी शिकलेली होते, नोकरी करत होते. विधवेच्या हाताने काही अशुभ होते यावर माझा विश्वास नव्हता. तरी मी गप्प बसले. सासूबाई होत्या, चार बायका होत्या, कशाला वाद, असे मनात आले. पाहुण्या गेल्यावर आत्याने ओसरी झाडली, चेंगरलेली बोरे गोळा केली, दागिन्यांतला हलवा सोडवून पोरांना वाटला आणि दोरा गुंडाळून फडताळात ठेवला, पुढच्या वर्षासाठी. माझ्यावर ती रागावली नाही. तिला त्यात काही वावगे वाटलेच नव्हते आणि हेच मला आज जास्त बोचते.

आता आत्या नाही. हलव्याचे दागिने मात्र पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. पुण्या-मुंबईत, सोलापुरातही डिसेंबरपासून त्यांचे तयार संच मिळतात. अनेक बायकांनी त्यावर चांगला घरगुती व्यवसाय उभा केला आहे आणि त्याचे कौतुकच करायला हवे. पण ज्यांना हौस आहे त्यांनी एखादा तरी दागिना घरी करून पाहावा. हलवा विकतचा घेतला तरी चालेल. एक रीळ दोरा, जुन्या वहीचा पुठ्ठा आणि दोन दुपारी एवढेच भांडवल. शेजारणीला हाक मारा, नणंदेला बसवा. माळ ओवताना ज्या गप्पा होतात त्या विकतच्या डब्यात येत नाहीत.

करताना दोन-तीन गोष्टींचे भान ठेवा. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालणार. म्हणून त्याच्या दागिन्यांना डिंक किंवा बाजारी चिकटद्रव्य नको, सगळे दोऱ्याने बांधा. टाचणी आणि तारेचे उघडे टोक तर नकोच. हलव्याचा दाणा, शेंगदाणा, हरभरा, बोराची आठळी हे सगळे लहान मुलाच्या घशात अडकू शकते. न्हाण मजेत करा, पण डोक्यावरून ओतायचे ते थोडे आणि हळू. दागिने तेवढ्यापुरतेच घाला. गळ्यात दोरा ठेवून बाळाला निजवू नका. मुंग्यांचे सांगायला नको, त्या बोलावल्याशिवाय येतात.

आता शेवटची गोष्ट. करकंबला आमच्या वाड्याशेजारच्या घरातला कर्ता मुलगा २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मागे सत्तावीस वर्षांची बायको आणि सहा महिन्यांची मुलगी. २०२२ च्या संक्रांतीला मी गावी होते. सुनेने मला विचारले, “काकू, बाळाला दागिने कराल का? तिच्या वडलांनी बोरन्हाण करायचं ठरवलं होतं.”

“करते की. आणि तुला?”

“मला कशाला आता?”

मी दोघींचेही केले. तिचे मंगळसूत्र केले नाही. साधा तीन पदरी हार आणि बांगड्या केल्या. मुलीला मुकुट केला, आत्याची सरकती गाठ घालून. न्हाणाच्या दिवशी चार घरचीच माणसे होती. मुकुट कोणी बांधायचा, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. या वेळी मी गप्प बसायचे नाही असे ठरवून आले होते. पण मी तोंड उघडण्याआधीच तिची सासू म्हणाली, “तूच बांध गं. तुझंच लेकरू आहे.” त्या माउलीचा स्वतःचा मुलगा गेला होता! सुनेने मुकुट बांधला. हार तिने घातला नाही, बांगड्या मात्र घातल्या. दोघी बायका कामाचे निमित्त सांगून लवकर उठल्या. बाकीच्या बसल्या, आणि मुलगी मुकुटाचा दाणा तोडायच्या खटपटीत रमली.

त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे आमच्या गावात होणार नाही, असा. पुढे त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन सगळ्या ग्रामपंचायतींना केले. या मोहिमेमागे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे होते, हे वाचून मला विशेष आनंद झाला. पण ठराव ग्रामसभेत होतो आणि बोरन्हाण ओसरीवर होते. तिथे मुकुट कोणी बांधायचा हे शासन ठरवायला येत नाही. ते तिथे बसलेल्या आपण बायकांनीच ठरवायचे असते.

सोन्याच्या दागिन्यांना वारस असतात, तोळे असतात, भांडणे असतात. हलव्याचे दागिने दोन दिवसांत मुंग्या नेतात किंवा पोरे खातात. त्यांत अडकून पडण्यासारखे काही नाही. मग निदान ते तरी कुणी घालायचे आणि कुणी नाही, हे आपण इतके घट्ट का धरून ठेवावे? येत्या संक्रांतीला तुमच्या घरी बोरन्हाण असेल तर स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहा. तिथे कुणी उभी असेल, तर तिला बाहेर बोलवा. बहुतेक मुकुटाची गाठ तिलाच चांगली येत असेल.