दूरच्या पल्ल्याची फटफटी

फटफटी म्हटली म्हणजे कानठळ्या बसविणारा आवाज, तेलकट झालेले कपडे आणि दोन तासांत अवघडलेली पाठ, असें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. जपानच्या होंडा कंपनीनें 1990 सालीं युरोपांत विक्रीस आणलेली ‘पॅन युरोपियन’ ऊर्फ एसटी 1100 ही गाडी या चित्रांत बसत नाहीं. वेग तिला भरपूर होता. परंतु दिवसभर तो वेग सोसूनहि स्वार व मागें बसलेलें माणूस संध्याकाळीं ताजेंतवानें उतरावें, याकडे तिच्या रचनेचा सारा रोख आहे.

तिच्या इंजिनाचे चार सिलिंडर दोन-दोन करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें तिरपे बसविले आहेत. आकारमान 1,084 घनसेंटीमीटर. बहुतेक जपानी चार सिलिंडरी गाड्यांत इंजिनाचा मुख्य दांडा आडवा असतो. येथें तो गाडीच्या लांबीच्या दिशेनें आहे. मागील चाकाकडे शक्ति नेणारा दांडाहि त्याच दिशेनें जात असल्यामुळें ती काटकोनांत वळवावी लागते तें एकदांच, चाकापाशीं. शिवाय सांखळीच नाहीं! पावसांत चिखलानें माखणारी, वरचेवर तेल मागणारी सांखळी ज्यांनीं सांभाळली आहे, त्यांस या सुखाची किंमत सांगावयास नको.

परंतु खरी युक्ति पेट्रोलच्या टाकींत आहे. ही 28 लिटरची टाकी नेहमींप्रमाणें इंजिनावर न ठेवतां बैठकीखालीं नेली आहे. एवढ्या पेट्रोलचें वजन वीस किलोंवर जातें. तें उंचावर असतें तर प्रत्येक वळणावर जाणवलें असतें. लिटरला 17 किलोमीटर धरले, तर एका भरण्यांत सुमारें पावणेपांचशें किलोमीटर होतात. म्हणजे पॅरिसहून निघालेल्या स्वारानें वाटेंत पंपावर न थांबतां लिऑं गांठावें! दोन्ही बाजूंस काढतां-घालतां येणाऱ्या सामानाच्या पेट्याहि आहेत. एकत्र कुटुंबास ही गाडी पुरणार नाहीं हें उघड आहे. दोघांचा संसार मात्र तींत मावतो.

युरोपांतील कित्येक पोलीस दलांनीं ती वापरली. पुढें कांहीं गाड्यांना चाक जाम होऊं न देणारे ब्रेकहि मिळाले. 2002 सालीं तिच्या जागीं एसटी 1300 आली.

दोष एकच, पण जड. पेट्रोलासह वजन तीनशें किलोंहून अधिक! धांवतांना तें जाणवत नाहीं. पंपाजवळच्या उतारावर गाडी मागें ढकलतांना मात्र घाम फुटतो, आणि पाय निसटला कीं ती आडवी झालीच. कर्त्यांनीं हें ओळखून दोन्ही अंगांस बळकट आधारदांड्या बसविल्या आहेत. उभ्या जागीं कलंडलेली गाडी त्यांवर टेकते व मोडतोड बहुधा टळते. उचलावी मात्र स्वारालाच लागते.