‘गॅप’ नावाची भीती

आंबिया बहाराची तोडणी लागली की नरखेड तालुक्यातल्या संत्राबागा दिवस उजाडायच्या आत जाग्या होतात. मोवाड असो, जलालखेडा असो की सावरगाव, काम तेच. वाकून फळं गोळा करायची, वीसेक किलोचा क्रेट उचलायचा, धुऱ्यावरच्या गाडीपर्यंत न्यायचा आणि परत येऊन वाकायचं. तोडणी आटोपली की सल काढणं, आळी करणं, पाठीवर पंप घेऊन फवारणी. या कामात कंबर दुखणारच. पण एक शब्द त्या दुखण्यापेक्षा जड झालाय: “मणक्यात गॅप आहे.” हे ऐकल्यापासून माणूस वाकायला घाबरतो, पट्टा बांधतो, बाग दुसऱ्याच्या हवाली करतो.

शब्दच उलटा आहे. दोन मणक्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारी, रबरासारखी लवचिक चकती असते. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, ती बसते, आणि एक्सरेत मणक्यांमधलं अंतर वाढलेलं नाही तर कमी झालेलं दिसतं. तेही अनेकदा न दुखणाऱ्यांत! कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. चकती झिजल्याच्या खुणा विशीतल्या ३७ टक्के लोकांत होत्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. केस पिकावेत तशाच या खुणा. म्हणजे एमआरआयमध्ये ‘झीज’ दिसली, एवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. जगभरात कंबरदुखीच्या दहापैकी नऊ रुग्णांत एखाद्या ठरावीक इजेवर बोट ठेवता येत नाही.

मग ओझ्याचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मोजलेलाही आहे. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवला. निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले. नुसतं उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल. पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३. तेच वजन गुडघ्यांत वाकून उचलताना १.७, आणि अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. हा प्रयोग एकाच माणसावरचा, म्हणून आकडे पोथीसारखे धरू नयेत. पण क्रेट गुडघ्यांत वाकून उचलावा की पाठ गोल करून, याचं उत्तर त्यांतून कळतं. रात्री आडवं झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. अशा टम्म चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. म्हणून उठल्याबरोबर खाली वाकून क्रेट उचलायला लागू नये. आधी गोठा, चहा, फेरफटका, मग ओझं.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, आणि चार-आठ दिवसांत बरंही वाटतं. बहुतेक उसण तशीही काही दिवसांत-आठवड्यांत उतरते. श्रेय त्या वेळी जे केलं त्याला मिळतं. खरा प्रश्न तीन महिन्यांनंतरही रेंगाळणाऱ्या दुखण्याचा. तोवर स्नायू-अस्थिबंधांची बारीकसारीक इजा बहुधा भरून आलेली असते. पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते. पूर्वी जे जाणवतही नव्हतं ते आता दुखतं. फळगळीची काळजी, भावाची घसरण, कर्ज, अपुरी झोप, सगळं त्या हळवेपणात भर घालतं. हे दुखणं खोटं नसतं, मनाचे खेळ तर मुळीच नसतात. ही गोष्ट घरच्यांनीही समजून घ्यायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये या चिवट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, दुखणं नीट समजावून सांगणं, मानसिक आधार, गरजेपुरत्या सूजविरोधी गोळ्या यांना त्यांत जागा आहे. कंबरपट्टा आणि वजन लावून ओढणं ही नेहमीची साधनं मात्र नको म्हटली आहेत. गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडू शकतात. पडून राहणं तर सगळ्यांत वाईट. हेलसिंकीत १९९५ मध्ये अंथरूण धरणाऱ्यांपेक्षा झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे लवकर बरे झाल्याचं दिसलं होतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारी वेदना असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यावा. तो आपल्याकडे अजून आहे. म्हातारपणी साधं पडणंही मणका मोडू शकतं.

बाकीच्यांना चालणं पुरतं का? ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये छापला गेला. दुखणं नुकतंच बरं झालेल्यांपैकी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने चालणं वाढवत नेलेल्यांना ते पुन्हा उद्भवेपर्यंत मध्यक (median) धरता २०८ दिवस मिळाले, इतरांना ११२. व्यायामांतही एकच सर्वश्रेष्ठ असा नाही. जो रोज होईल तो चांगला. बागेत परतायचं तेही टप्प्याटप्प्यानं: पहिल्या आठवड्यात धुऱ्या-धुऱ्यानं चालणं आणि रिकामे क्रेट, मग अर्धे भरलेले, अर्ध्या-पाऊण तासानं सरळ उभं राहून कंबर मागे ताणणं. थोडं दुखलं तरी दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल, तर पुढच्या आठवड्यात क्रेटमध्ये आणखी चार-पाच किलो संत्री टाकायला हरकत नाही.