आईच्या साडीला कात्री लावण्यापूर्वी

कपाटात घडी घालून ठेवलेली आईची साडी नेसली जात नाही आणि टाकवतही नाही. तिचा कुर्ता किंवा झगा शिवावा असे मनात येते. मात्र एकदा कापलेले कापड पुन्हा सांधता येत नाही. म्हणून कागदी पॅटर्न विकत घेण्याआधी कापड पारखावे. साडी उजेडासमोर धरून विरलेल्या जागा खडूने खुणावाव्यात. जुने रेशीम बहुधा घडीवरच फाटते. अंगासरशा कपड्यात ते टिकत नाही.

पाकिटावर लिहिलेली कापडाची गरज अखंड कापडाची असते. साडी साधारण ५.५ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असल्याने तिच्यात बहुतेक बेत बसतात. जुना सदरा मात्र आधीच कापलेला असतो. त्यासाठी लहान भाग जोडून होणारा पॅटर्न निवडावा. साडीचा काठ खाली हवा असेल, तर तळाची कड सरळ असलेलाच नमुना घ्यावा; गोलाईवर काठ नीट बसत नाही.

माप तयार कपड्यांच्या क्रमांकावरून न घेता छाती, कंबर व नितंब मोजून ठरवावे. शिलाईची माया पॅटर्नमध्ये धरली आहे का, हेही वाचावे. ‘बुर्डा’ या जर्मन मासिकातील पॅटर्नमध्ये ती सहसा नसते. पॅटर्न घरी छापताना प्रमाण १०० टक्के ठेवावे आणि पानावरील चाचणीचा चौकोन पट्टीने मोजावा.

पहिली कापणी जुन्या चादरीवर करावी. चादर बिघडली तरी साडी शाबूत राहते.